निष्ठा आणि ताळेबंद

सुरतेजवळील हजीरा येथील एस्सारचा पोलाद कारखाना २०१७ साली दिवाळखोरीच्या कायद्याखाली आला. २०१९ साली धनी बदलला, पण कारखाना चालूच राहिला. त्याच वर्षी १७ एप्रिलला जेट एअरवेजची उड्डाणे थांबली व तीही त्याच कायद्याच्या दारी गेली. तिची विमाने बहुतांशी भाड्याची. ती परत गेली. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

थकलेले वेतन हे सेवकाने नकळत दिलेले कर्जच होय. परंतु धनकोंच्या समितीत बँकेला मत असते, सेवकाला नसते. मग मंदीत त्याने ताळेबंद पाहिला तर ती प्रतारणा कशी? निष्काम कर्म म्हणजे बुडीत वेतनास संमती नव्हे. ताळेबंद वाचूनही जो राहील त्याची निष्ठा मोलाची. जो जाईल तो दोषी नव्हे.