जिंकणाऱ्याची साक्ष

डिसेंबर २०१८ मध्ये जालन्याला महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या, तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. अखेरच्या लढतीत एका बाजूला आदल्या वर्षीचा विजेता, पुण्याचा अभिजित कटके; तो गादी गटातून आलेला. दुसऱ्या बाजूला बुलढाण्याकडून उतरलेला बाला रफिक शेख; तो माती गटातून आलेला. कुस्ती मात्र गादीवर. मातीतल्या गड्याने ती ११-३ अशा गुणांनी जिंकली आणि चांदीची गदा खांद्यावर घेतली. मैदानात एकच कल्लोळ उठला. माझ्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ मात्र जरा खट्टू दिसले. "जिंकला खरा," ते म्हणाले, "पण पाठ कुठं लागली?"

त्यांच्या या कुरकुरीत एक जुना विचार होता. मातीतल्या कुस्तीचा निकाल माती देते. हरलेला उठतो तेव्हा त्याच्या पाठीवर तो निकाल लाल अक्षरांत लिहिलेला असतो. आपल्या भाषेने हरवण्याला 'अस्मान दाखवणे' म्हटले आहे, ते किती नेमके आहे! ज्याला आभाळ दिसले तो हरला. त्याला कुणी सांगावे लागत नाही. गुणांच्या कुस्तीत मात्र तिसऱ्या माणसाच्या डोळ्यांवाचून चालत नाही. कोण कितीदा खाली आला, कोण रिंगणाबाहेर गेला, हे पंचाने पाहायचे, मोजायचे आणि हात वर करायचा. आपण 'पंचांमुखी परमेश्वर' म्हणतो खरे, पण पंच परमेश्वर नसतो. त्याच्या डोळ्यावरही ऊन येते.

मग तो चुकला तर हरणाऱ्याने काय करावे? या प्रश्नावर पुष्कळ बोलले गेले आहे. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधव जपानच्या इशीशी दीर्घ काळ झुंजले, आणि लगेच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो सांगून भांडणारा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. खाशाबा थकल्या अंगाने लढले, हरले आणि कांस्यपदक घेऊन गोळेश्वरला परतले. उलट २०२५ साली अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत, पाठ टेकली की नाही या वादातून एका नामांकित मल्लाने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. त्याचा दावा खरा की खोटा, याबद्दल गावोगावच्या पारांवर आजही दोन पक्ष पडतील. पण दावा खरा असता तरी लाथ चूकच ठरली असती. प्रत्येक जण आपल्या खटल्यात आपणच न्यायाधीश होऊ लागला, तर कुस्ती संपणारच नाही. तिची मारामारी होईल.

येथवर सगळे एकमताचे आहे. माझी अडचण पुढे सुरू होते. चुकीचा निकाल हरणाऱ्याने कसा सोसावा, हे आपण त्याला शिकवतो. जिंकणाऱ्याने तो कसा सोसावा, हे मात्र कुणीच विचारत नाही. मला तो प्रश्न पडतो, याला कारण आहे.

मी सोळा वर्षांचा होतो. जालना जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली; ही त्याच्या आधीची गोष्ट. आमच्या अंबडच्या बाजूला एका जत्रेत फड लागला होता. रेवड्यांच्या कुस्त्या संपल्या आणि एकवीस रुपयांच्या कुस्तीला माझी जोड लागली. शेजारच्या गावचा, माझ्याच वयाचा एक पोरगा होता. हलगी वाजत होती, सूर्य मावळतीकडे झुकला होता. मी त्याला उचलून टाकला. पंचाने वाकून पाहिले, कपाळावर हात धरला आणि माझा हात वर केला. पण त्याची पाठ टेकली नव्हती. मला ते पक्के ठाऊक होते, कारण त्याच्या उजव्या खांद्याखाली माझा स्वतःचा हात अडकलेला होता. खांद्याचे सगळे ओझे माझ्या मनगटावर होते. माती आणि त्याचा खांदा यांच्यामध्ये मी होतो.

तो उठला. पंचाकडे त्याने पाहिलेच नाही, माझ्याकडे पाहिले. क्षणभर थांबला, मग हात पुढे करून सलामी देऊन निघून गेला. मला फेटा बांधला, नारळ दिला, खांद्यावर घेऊन मिरवले. घरी बापूंनी एवढेच विचारले, "टेकली का रं पाठ?"

"टेकली, बापू," मी म्हणालो.

यात माझे चुकले काय, असा युक्तिवाद मी स्वतःशी अनेकदा केला आहे. पंचाचा निकाल अखेरचा, हा नियम मी केला नव्हता. स्वतःविरुद्ध साक्ष दे असे मला कुणी म्हटले नव्हते. शिवाय ती जीत एकट्या माझी नव्हती. वस्तादांची होती, आलीतल्या ज्यांनी मला दूध पाजले त्यांची होती. ती परत करण्याचा मला अधिकार तरी होता का?

हा युक्तिवाद लंगडा आहे, हे कळायला मला फार वर्षे लागली. पंचाचा निकाल भांडण मिटवतो, सत्य घडवत नाही. भांडण मिटणे आवश्यक आहे, म्हणून हरणाऱ्याने गप्प राहावे. त्याच्या बोलण्यात त्याचा स्वार्थ असतो, आणि म्हणूनच त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. पण याच न्यायाने जिंकणाऱ्याची स्वतःविरुद्धची साक्ष ही त्या मैदानातली एकमेव निःस्वार्थ साक्ष ठरते. ती कुणी मागू शकत नाही. म्हणूनच ती देणे त्याच्याकडे येते. शंका असेल तेथे पंचावर सोपवावे, हे ठीक. पुष्कळदा मल्लालाही नक्की कळत नाही. पण मला शंका नव्हती. माझ्याजवळ मनगट होते. आणि वस्तादांचे म्हणाल, तर त्यांनी मला कुस्ती शिकवली होती; तिच्या नावावर खोटे बोलणे त्यांनी शिकवले नव्हते. बापूंना दिलेल्या उत्तराला तर पंचाच्या निकालाचाही आडोसा नव्हता.

जालन्याच्या त्या रात्री शेजारच्या म्हाताऱ्यांना मला सांगावेसे वाटले, की पाठ लागली नाही याचे वाईट वाटून घेऊ नका. ११-३ हा आकडा स्वच्छ होता. तेथे ना हरणाऱ्याला काही गिळायचे होते, ना जिंकणाऱ्याला काही लपवायचे होते. असा निकाल हे दोघांचेही भाग्य.

बापू गेले. तो पोरगा कुठे असेल मला माहीत नाही. खरे म्हणजे मी त्याला कधी शोधलेच नाही. आज हे लिहिताना माझे काही जात नाही. एकवीस रुपये, फेटा, सोळाव्या वर्षाची मिरवणूक, यांतले काहीच आता परत करण्याजोगे उरलेले नाही. म्हणूनच या कबुलीला मी साक्ष म्हणत नाही. साक्षीची वेळ हलगी वाजत होती तेव्हाची होती.