उंबरठ्याचे पावित्र्य

परक्या राष्ट्राच्या वकिलातीत स्थानिक पोलिसांनी विनासंमती पाऊल टाकू नये, हा संकेत जुना आहे. पण हे पावित्र्य नेमके कोणाचे, हा प्रश्न ८ मे २००२ रोजी चीनमधील शेनयांग येथे, जपानच्या महावाणिज्य दूतावासाच्या फाटकात उभा राहिला.

उत्तर कोरियातून पळून आलेले एका कुटुंबातील पाच जण आश्रयासाठी आत शिरू पाहत होते. दोघे पुरुष व्हिसाच्या प्रतीक्षालयापर्यंत पोहोचले. दोन स्त्रिया फाटकातच चिनी पोलिसांच्या हाती सापडल्या. दोन वर्षांची मुलगी आईची ती ओढाताण पाहत राहिली. मग पोलीस आत गेले आणि त्या दोघांनाही घेऊन आले. झटापटीत खाली पडलेल्या पोलिसांच्या टोप्या एका जपानी उपवाणिज्यदूताने उचलून परत केल्या. हे सारे चित्रफितीत टिपले गेले.

जपानने तीव्र निषेध नोंदविला आणि पाचही जणांना आपल्या स्वाधीन करण्याची मागणी केली. आधार होता १९६३च्या व्हिएन्ना कराराच्या ३१व्या कलमाचा. चीनचे म्हणणे असे, की संमती मिळाली होती, वर आभारही मानले गेले. जपानने ते साफ नाकारले. एका कुटुंबाच्या जिवाचा प्रश्न असा कोणी कोणाला काय म्हटले, यावर येऊन ठेपला. त्या कलमात आग लागल्यास संमती गृहीत धरण्याची तरतूद आहे. आश्रयार्थ्याचा मात्र त्यात उल्लेखही नाही. कायदा यजमान आणि पाहुणा या दोघांनाच ओळखतो. दारात आलेला तिसरा त्याच्या हिशेबी नाही.

त्या टोप्यांवरून उपवाणिज्यदूताला दोष देणे सोपे आहे. कदाचित तो केवळ अंगवळणी पडलेला शिष्टाचार असेल. परंतु जो हात टोपीसाठी खाली वाकला, तो त्या मुलीसाठी का वाकला नाही, असे विचारल्यावाचून राहवत नाही. राखणदार गाफील राहिला म्हणून घरावरचा हक्क संपत नाही. त्यामुळे जपानचा निषेध खोटा ठरत नाही. मात्र अपमान वास्तूचा झाला आणि आघात माणसांवर झाला, हा भेद खलित्यांच्या भाषेत पुसट होतो. शिवाय त्या माणसांना स्वतःचा निषेध नोंदविण्यासाठी कोणतेही सरकार नव्हते. ज्या वास्तूने त्यांना राखले नाही, तिच्याच मानभंगाच्या आडोशाने त्यांची बाजू मांडली गेली.

२२ मे रोजी चीनने त्यांना जाऊ दिले. मनिलामार्गे दुसऱ्या दिवशी ते सेऊलला पोहोचले. संमतीविषयी दोन्ही सरकारे आपापल्या म्हणण्यावर ठाम राहिली.