साखर घातलेली नाही

शेजारच्या काकूंनी मला एक सरळ प्रश्न विचारला होता. "ह्यांना चालेल ना गं?" 'हे' म्हणजे काका. वय 68, मधुमेह अकरा वर्षांचा. काकूंच्या हातात माझ्या खजूर-ओट्स बारचं पाकीट होतं. मी म्हणाले, "काकू, साखर घातलेलीच नाहीये."

वाक्य खरं होतं. मी साखर घातली नव्हती, गूळ नाही, मधसुद्धा नाही. तरी गेले दोन महिने ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण काकूंनी विचारलं होतं 'चालेल का' आणि मी उत्तर दिलं होतं 'घातली नाही'. प्रश्न एक, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं. आणि हे त्या क्षणी मला कळलं होतं. पूर्ण नाही, पण मला पुढचं वाक्य न बोलण्याइतकं नक्कीच कळलं होतं.

आधी बार कसे होतात ते सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे.

बिया काढलेले 200 ग्रॅम खजूर गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवायचे. पाणी निथळून मिक्सरमध्ये फिरवायचे. मिक्सर दोनदा अडकतो, दोनदा चमच्याने ढवळावं लागतं. मग दोन केळी, सालीवर काळे ठिपके पडलेली, ज्यांना घरात कोणी हात लावत नाही अशी. 150 ग्रॅम ओट्स कोरडेच थोडे भाजून. मूठभर शेंगदाण्याचं जाडसर कूट, सुंठ, चिमूटभर मीठ. मीठ विसरलात तर गोडाला चव येत नाही. ट्रेमध्ये बटर पेपर घालून वाटीच्या बुडाने घट्ट दाबायचं आणि ओटीजीमध्ये 160 अंशांवर पंचवीस मिनिटं. मी आधी 180 वर करायचे आणि कडा दर वेळी काळ्या व्हायच्या. नंतर कारण कळलं. खजुरातली बरीचशी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशी सुटी असते, आणि त्या दोघी आपल्या डब्यातल्या साखरेपेक्षा लवकर तांबूस होतात. त्याच हवेतला ओलावाही धरून ठेवतात, म्हणून बार मऊ राहतो. पूर्ण गार झाल्यावरच कापायचं. बारा तुकडे. डोंबिवलीच्या पावसाळी हवेत तीन दिवस बाहेर, पुढे फ्रिज.

काळ्या ठिपक्यांच्या केळ्याचं वेगळं कौतुक आहे. कच्च्या केळ्यात मुख्यतः स्टार्च असतो. पिकताना केळं स्वतःच त्याची साखर करतं. म्हणजे मी फक्त वाट बघायची, साखर घालायचं काम केळं करणार. माझे हात स्वच्छ.

शनिवार-रविवारचा हा उद्योग मी नोकरी सांभाळून करते. सुरुवातीला पाकिटावर फक्त 'खजूर-ओट्स बार' लिहायचे. खपायचे बेताचेच. मग कोणीतरी म्हणालं, 'नो ॲडेड शुगर' टाक. टाकलं. त्याच आठवड्यात ऑर्डर दुप्पट झाल्या. पदार्थ तोच, चव तीच, फक्त तीन शब्द जास्त. तेव्हा मला वाटलं, वा, मार्केटिंग जमलं. आता वाटतं, त्या तीन शब्दांनी मी नेमकं काय विकत होते? गोड तर आधीही विकत होते. नव्याने विकायला लागले ती परवानगी.

परवानगीची भूक आपल्याकडे जुनी आहे. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच आली नाही. साबुदाणा वडा तळून, वर दही-साखर घेऊन आपण उपास करतो, आणि नियम एकही मोडलेला नसतो. धान्य कुठे खाल्लं? मिठाईच्या दुकानात खजूर-अंजीर बर्फीवर 'शुगर फ्री' लिहिलेलं असतं आणि आपण ती मधुमेही मामांकडे दिवाळीला नेतो. नेणाऱ्याला बरं वाटतं, खाणाऱ्याला बरं वाटतं. साखरेला मात्र ती कुठून आली याचं काही देणंघेणं नसतं.

सप्टेंबरात काकांची एचबीएवनसी आली 8.1. जूनमध्ये 7.2 होती. ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. मागच्या तीन महिन्यांत काकांच्या चहासोबत, चार वाजता, माझे दोन बार असायचे. चहा बिनसाखरेचा.

त्या रात्री मी पहिल्यांदा हिशेब केला. 200 ग्रॅम खजुरात साधारण 130 ग्रॅम साखर. दोन केळ्यांची चोवीसेक. बारा तुकड्यांत वाटली तर एका बारमध्ये जवळजवळ 13 ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे. शिवाय ओट्स आहेतच, त्यांचंही पोटात शेवटी ग्लुकोजच होतं. सगळं धरून एक बार कर्बोदकांच्या हिशेबात एका पोळीच्या आसपास जातो. काका रोज जेवणाव्यतिरिक्त दोन पोळ्या खात होते आणि त्यांना वाटत होतं आपण काहीच खात नाही.

खजुराची बाजूही सांगायला हवी. त्यात तंतू आहेत, पोटॅशियम आहे. खजूर चावून खाणं आणि साखर चमच्याने खाणं एक नव्हे. शेताबाहेर खेळून आलेल्या पोरासाठी किंवा ट्रेकच्या बॅगेसाठी माझा बार उत्तमच आहे. आणि काकांची साखर माझ्या बारनेच वाढली असंही मी म्हणू शकत नाही. त्याच तीन महिन्यांत पावसामुळे त्यांचं चालणं बंद होतं, गुडघा दुखत होता, गणपती झाले, मोदक झाले. कदाचित माझा वाटा नगण्य असेल.

पण मग वाटलं, समजा रिपोर्ट 7.0 आला असता तर? तर मी हा विचार केलाच नसता. माझं वाक्य मात्र तेच असतं. म्हणजे आकडा वाढला म्हणून मी चुकले, असं होऊ शकत नाही. चुकले असेन तर त्या दारात, जूनमध्येच चुकले.

माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती वैतागली. "खजूर पाकिटावर पहिलं लिहिलंय. काका एवढे शिकलेले. आणि जीभ आहे ना त्यांना? गोड लागतंय म्हणजे गोड आहे." मुद्दा बिनतोड आहे. मी घटक लपवले नव्हते. प्रत्येक मोठ्या माणसाच्या ताटाची जबाबदारी माझी नाही. खोटं बोलणं वेगळं आणि समोरच्याने चुकीचा अर्थ काढणं वेगळं. हा फरक नाहीच असं मानलं तर कोणाला तोंडच उघडता येणार नाही.

हा फरक वापरणाऱ्यांची यादीही भारदस्त आहे. खोटं कधीच बोलू नये, अगदी कोणाचा जीव वाचवायलाही नाही, असं 1797 मध्ये लिहिणारा इमॅन्युएल कांट. त्याच्या तीनच वर्षं आधी प्रशियाच्या राजाने त्याला धर्मावर लिहिण्याबद्दल तंबी दिली होती. कांटने राजाला वचन दिलं की आपला एकनिष्ठ प्रजाजन म्हणून मी यापुढे त्या विषयावर बोलणार नाही. 1797 मध्ये राजा वारला. 1798 मध्ये कांटने पुस्तक काढलं आणि त्यात सांगूनच टाकलं की ते शब्द आपण जपून निवडले होते: 'आपला' प्रजाजन म्हणजे त्या राजाचा, राजा गेला, वचन संपलं. वाचून मी हसले आणि मग जरा गप्प झाले. लेबल लिहिताना मीही इतकीच जपून शब्द निवडत होते.

पण कांटच्या समोर सत्ता होती. तो दुबळा होता, राजा बलवान. काकूंपुढे मी काही दुबळी नव्हते.

आपल्याकडचं उदाहरण जास्त जवळचं आहे. 'नरो वा कुंजरो वा' आपण रोजच्या बोलण्यात गुळमुळीत उत्तरासाठी वापरतो, पण ती गोष्ट गुळमुळीतपणाची नाहीच. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, द्रोणांच्या कानावर बातमी गेली, आणि त्यांनी खात्री करून घ्यायला कोणाला विचारलं? युधिष्ठिराला. कारण तो खोटं बोलत नाही. अश्वत्थामा मेला हे तो मोठ्याने म्हणाला, हत्ती हा शब्द पुटपुटला. तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या दिवशी खाली टेकला.

लहानपणी मला वाटायचं ही शिक्षा जरा जास्तच झाली, वाक्य तर खरं होतं. आता वाटतं, भीमाने तेच सांगितलं होतं तर द्रोणांना पुरलं नव्हतं. ते वाक्य चाललं ते फक्त युधिष्ठिराच्या नावावर. आयुष्यभर खरं बोलून जमवलेला विश्वास त्याने एका वाक्यात खर्च केला. काकूंनी मला फ्रॉकमध्ये बघितलंय. आई ऑफिसमधून उशिरा यायची तेव्हा मी त्यांच्याकडे वरणभात खाल्लाय. दुकानातल्या पाकिटावर 'नो ॲडेड शुगर' वाचलं असतं तर त्यांनी मागे उलटून बघितलं असतं, चष्मा लावला असता. माझ्या पाकिटाला त्यांनी चष्मा लावला नाही. मला विचारलं.

मध्यंतरी नियम शोधले. घरून पदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती माझ्याकडे होती, पण लेबलचे नियम मी कधी वाचले नव्हते. 2018 ची जाहिराती आणि दाव्यांची नियमावली आहे. त्यात 'साखर घातलेली नाही' असं लिहायच्या अटी आहेत. साखर, मध, काकवी घातलेली नसावी, हे अपेक्षितच. पुढची अट वाचून कान गरम झाले. घातलेल्या साखरेची जागा घेणारा साखरयुक्त पदार्थही नसावा, आणि उदाहरणांत सुक्या फळांची पेस्ट. म्हणजे माझ्या मिक्सरचं भांडं, नाव घेऊन! त्याच्या पुढची अट तर अशी की एन्झाइम वगैरे वापरून स्टार्चची साखर करून गोडी वाढवलेली नसावी. माझ्या केळ्याला यातून सूट असावी, ते बिचारं स्वतःच पिकतं.

तर माझं वाक्य कायद्याच्या हिशेबातही टिकणारं नव्हतं. पण मला खटकलं ते वेगळंच. कोणीतरी बसून ती अट लिहिली याचा अर्थ माझी पळवाट आधीच कितीतरी लोकांनी शोधलेली होती. मी स्वतःला सांगत होते की माझ्या हातून नकळत झालं.

मग एका रविवारी मी शेजारी गेले. काका टीव्ही बघत होते. मी हिशेबाचा कागद नेला होता, तेरा ग्रॅम, तीन चमचे, सगळं. बोलले. काका हसले. "अगं, मला काय कळत नव्हतं? खजूर आहे तो. तुझ्या वड्या गोड लागायच्या म्हणून तर खायचो. हिला म्हटलं, पोरगी म्हणतेय ना साखर नाही, मग झालं तर."

मला क्षणभर हलकं वाटलं. मैत्रीण बरोबर होती, फसवणूक वगैरे काही नाही, काकांना परवानगी हवी होती, मी दिली. मग मी काकूंकडे बघितलं.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात कालथा. काकांच्या भाताच्या वाट्या मोजणाऱ्या त्या, औषधांच्या डब्या भरणाऱ्या त्या, लग्नात जिलबीच्या ताटावरून त्यांना हाताला धरून पुढे नेणाऱ्या त्याच. तीन महिने रोज चार वाजता त्यांनीच ते दोन बार बशीत मांडले होते, निश्चिंत मनाने. काकांना माहीत होतं. मला माहीत होतं. त्या घरात खरंच प्रश्न विचारणारं एकच माणूस होतं.

काकू मला काही बोलल्या नाहीत. काकांना म्हणाल्या, "मला मूर्ख समजता का तुम्ही?" आणि आत गेल्या. तो 'तुम्ही' एकट्या काकांसाठी होता की दोघांसाठी, मला कळलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही. माझा डबा त्यांच्याकडे होता, तो दुसऱ्या दिवशी परत आला. घासून, पुसून, रिकामा. आमच्या मजल्यावर डबा रिकामा जात नाही.

लेबल बदललं. आता समोरच्या बाजूला लिहिते, 'गोडी खजूर आणि केळ्याची. एका बारमध्ये साखर सुमारे 13 ग्रॅम.' बार निम्म्या आकाराचेही करून बघितले, पण ते कडेने वाळतात. ऑर्डर कमी झाल्या, ते अपेक्षित होतं. एका जुन्या गिऱ्हाईकाने मेसेज केला, रेसिपी बदलली का, आता साखर घालायला लागलात? तिला उत्तर लिहायला मला अर्धा तास लागला.

परवा संध्याकाळी काकूंनी बेल वाजवली. कोजागरीला नात येतेय, तिच्यासाठी काही आहे का म्हणाल्या. मी नवं पाकीट दिलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, लावला. मग उंबऱ्यातच उभं राहून पाकिटावरचं सगळं वाचलं, मागचं-पुढचं, बारीक अक्षरातलं तारखेसकट. मी तशीच समोर उभी.

"पोरीला दे चार," त्या म्हणाल्या. "आणि ह्यांना एक. मधोमध कापून दे, अर्धा मी ठेवीन."