वर सोडलेल्या सळया

आपल्याकडे मध्यमवर्गीय माणूस घर कधीच पुरतं बांधत नाही. स्लॅबच्या वर खांबांच्या सळया तशाच सोडतो. बघणाऱ्याला वाटतं, पैसे संपले. ते तर संपलेले असतातच! पण सळयांचा खरा अर्थ असा, की उद्या धाकट्याचं लग्न होईल, वर एक मजला चढेल. मागून येणाऱ्याची सोय आजच धरून ठेवणं, याला मी नीती म्हणतो. शेजारी गंज म्हणतात.

टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांनाही अशा सळया असतात, हे ज्ञान मला घरातल्या तंट्यामुळे झालं. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आलं, तेव्हा त्याची साठवण ८२५ जीबी होती. त्यातले हाती पडायचे सुमारे ६६७. बाकीचे यंत्रच ठेवून घेई. एकूण पगार आणि हातात येणारा पगार यांतला फरक बँकेतल्या कारकुनाला कुणी शिकवायला नको!

आता थोरल्या चिरंजीवांचा लढाईचा खेळ शंभर जीबीच्या पुढे. धाकटीचा शेतीचा खेळ जेमतेम एक जीबी. जागा संपली की कुऱ्हाड कुणावर? धाकटीच्या शेतावर! अहो, एक जीबी मोकळा करून शंभराची सोय होत नाही, एवढं बी.कॉम.ला कळतं. पण टंचाईत हिशेब कोण करतो? जो लहान, त्याला आधी उठवायचं. बड्या थकबाकीदाराला चहा आणि छोट्या खातेदाराला रांग, हे मी रोजच पाहतो.

‘पुन्हा उतरवून घेता येतो की,’ असं थोरले म्हणतात. येतो. खेळातली प्रगतीही वेगळी जपलेली असते. १९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डात १५ खण असत. कुणी दुसऱ्याचा खण पुसला, की त्याची सारी मेहनत पाण्यात. त्या मानानं आज बरंच बरं. पण पुन्हा उतरेपर्यंत ताटकळायचं कुणी? धाकट्यांनीच!

प्लेस्टेशन ५ च्या पोटात जादा साठवणीची खोबण पहिल्यापासून होती. चालू झाली मात्र सप्टेंबर २०२१ मध्ये. तीत ठरल्या मापाची आणि वेगाची पट्टी कुठल्याही कंपनीची चालते. नोव्हेंबर २०२० मध्येच बाजारात आलेल्या एक्सबॉक्स सीरिज एक्सवर नवे खेळ जादा जागेतून खेळायचे, तर खास त्याच्यासाठीच बनवलेलं कार्ड हवं. म्हणजे मजला खुशाल चढवा, पण विटा आमच्याच मापाच्या!

सौ.चं म्हणणं, जागा वाढली की अडगळ वाढते. माणसाला निवड करायला शिकवते ती टंचाईच. माळ्याकडे बोट दाखवून ती हे म्हणते, तेव्हा मला उत्तर सुचत नाही. पण स्वतःच्या वस्तूंतून निवड केली तर तो त्याग. दुसऱ्याच्या वस्तूंतून केली की ती दांडगाई. वाढीव साठवणीचं मोल मी खेळांच्या संख्येत धरत नाही. घरातल्या लहानाला कुणाच्या मर्जीवर राहावं लागत नाही, हेच तिचं व्याज.

तेव्हा पट्टी घ्यायची ठरलं आहे. मात्र तिच्यातला एक जीबी धाकटीच्या नावावर, मिनिमम बॅलन्स म्हणून. त्याला थोरल्यांनी हात लावायचा नाही.