सन्मान आणि मौन

विचारस्वातंत्र्याच्या कैवाऱ्यांना युरोपीय संसद १९८८ पासून साखारोव्ह पुरस्कार देते. १९९० मध्ये तो म्यानमारच्या आँग सान सू ची यांना लाभला. पुढे त्या सत्तेत असताना रोहिंग्यांवर अत्याचार झाले. त्यांनी निषेध केला नाही. २०२० मध्ये संसदेने त्यांना पुरस्कारविजेत्यांच्या उपक्रमांतून वगळले, पुरस्कार मात्र परत घेतला नाही. मला हे न्याय्य वाटते. स्थानबद्धतेत सोसलेली वर्षे खोटी नव्हती.

मग सन्मानिताचे मौन इतके का सलते? आम्हा सिंदी (रेल्वे)करांना उत्तरासाठी दूर जावे लागत नाही. वर्ध्याच्या अलीकडे, धाम नदीकाठी पवनार. तेथील विनोबांना १९५८ मध्ये, मॅगसेसे पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, गौरविले गेले. १९६५ मध्ये जयप्रकाशांना. १९७५ च्या आणीबाणीत जयप्रकाश कैदेत गेले. विनोबांचे मौनव्रत चालू होते. त्यांचे ‘अनुशासन-पर्व’ हे शब्द मात्र सरकारने भिंतीभिंतींवर रंगविले. सामान्याचे शब्द कोण रंगवितो? मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला, की अनुशासन आचार्यांचे असते, सत्तेचे ते केवळ शासन. खुलासा प्रामाणिकच होता. पण तोवर सहा महिने लोटले होते, आणि हजारो माणसे अद्याप तुरुंगातच होती.