खवले मांजराची उम्मत

कोकणच्या रानात रात्री फिरणारे खवले मांजर आपण पाहिले आहे काय? हे नावापुरतेच मांजर! दात मुळीच नाहीत; लांब, चिकट जिभेने ते मुंग्या-वाळवी टिपते. मादी बहुधा एकच पिल्लू प्रसवते व त्याला शेपटीवर बसवून नेते. भय वाटताच ते अंगाची घट्ट गुंडाळी करते. बिबट्याच्या दातांना ती दाद देत नाही. शिकारी मात्र तीच अलगद पोत्यात भरतो. खवले तर आपल्या नखांच्याच द्रव्याचे! सूरह अल्-अनआमच्या 38 व्या आयतीत प्राण्यांनाही आपल्यासारख्या 'उम्मती' म्हटले आहे. मग दलालाने देऊ केलेला खवल्यांचा पैसा हलाल रोजी कसा ठरेल? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही ही शिकार गुन्हा आहे. असा दलाल वाडीत आल्यास वनखात्याला कळवावे.