विस्मरणाचा रोग आणि सेवाधर्म

मातापित्यांची सेवा हा धर्म, हे वारकऱ्यास नव्याने सांगावयास नको. ज्या पुंडलिकाने सेवा न सोडता देवाला विटेवर थांबविले, त्याच्या दारी आपण वर्षानुवर्षे जातो. परंतु सेवेचा एक प्रसंग असा येतो की तेथे भल्याभल्यांची मती गुंग होते. म्हाताऱ्या माणसास विस्मरणाचा रोग जडतो. जेवलेले आठवत नाही, पोटच्या लेकीला ‘तू कोणाची गं?’ म्हणून विचारतात, रात्री कडी काढून बाहेर पडतात. आणि डॉक्टरकडे चला म्हटले की संतापतात, ‘मला काय धाड भरली आहे? वेड तुम्हालाच लागले आहे!’ आता सेवा कशास म्हणावी? त्यांचा शब्द पाळण्यास, की मोडण्यास?

प्रथम एक गैरसमज दूर करू. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंश हा शब्द आला आहे. तेथे विषयचिंतनापासून बुद्धिनाशापर्यंत जी साखळी सांगितली, तिची ती एक कडी होय. एवढ्यावरून काही मंडळी म्हणतात, ‘नामस्मरण कमी पडले, म्हणून असे झाले.’ हे शास्त्राला धरून नाही. तेथील स्मृती म्हणजे विवेकाची आठवण. येथे बिघडला आहे तो मेंदू. १९०६ साली जर्मनीत आलोइस अल्झायमर या डॉक्टरांनी एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत दिसलेले बदल विद्वानांपुढे मांडले. या रोगाचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार त्यांच्याच नावाने ओळखतात. हयात वारीत घालविलेल्या माणसासही तो होतो. शिवाय ‘मला काही झालेले नाही’ हे म्हणणे पुष्कळदा हट्ट नसून रोगाचेच लक्षण असते. ज्या मेंदूने रोग ओळखावयाचा, तोच रोगी झाला. मग वाद घालून पटणार कसे?

आता पूर्वपक्ष पाहू. एक म्हणतो, ‘वडिलांची आज्ञा प्रमाण. नको म्हणतात ना, मग नको.’ दिसावयास हे मोठे भाविकपणाचे. पण त्याच्याआड कित्येकदा आपलाच आळस दडलेला असतो. सगळे विस्मरण एका जातीचे नसते. थायरॉइडचा दोष, बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव, पडल्यामुळे डोक्यात साकळलेले रक्त, मनाची उदासी, एखाद्या औषधाचा परिणाम, यांनीही माणूस विसरभोळा होतो आणि त्यांवर उपाय आहेत. एकदाही तपासणी न करता ‘म्हातारपण आहे’ म्हणून सोडून देणे हे आज्ञापालन नव्हे.

दुसरा म्हणतो, ‘त्यांना काय कळते? धरून न्या.’ हेही बरोबर नाही. आपल्या देशाचा २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की, एखाद्याचा निर्णय इतरांस चुकीचा वाटला एवढ्यावरून तो निर्णयास असमर्थ ठरत नाही. सांगितलेले समजते का, परिणाम उमगतो का, आपले मत कळविता येते का, हे पाहावे लागते. आणि सकाळी जे समजते ते सायंकाळी समजेलच असे नाही.

तेव्हा सिद्धान्त असा की, नकार तीन प्रकारचा मानावा. डोक्यावर पडले, एकाएकी भ्रम झाला, ताप चढला, पाणी घेईनात, तर तेथे नकार ऐकत बसू नये. तातडीने दवाखाना गाठावा. दुसरा नकार आजचा असतो, उद्याचा नसतो. गोळी भिरकावली, तर तासाभराने पुन्हा द्यावी. जेवलेले विसरणारा म्हातारा हरिपाठ मात्र पुष्कळदा न चुकता म्हणतो. हरिपाठ झाला, मन निवले, की औषध पुढे करावे. पुंडलिकाने देवाला थांबविले. आपल्याला म्हाताऱ्यासाठी तासभर थांबवत नाही काय? तिसरा नकार शुद्धीत असताना विचाराने दिलेला. ‘शेवटी मला नळ्या लावू नका’ असे आईने धड असताना सांगितले असेल, तर तिला विसर पडला तरी आपण विसरू नये. असे शब्द वेळीच लिहून ठेवावेत. विस्मरणावरच्या गोळ्यांनी काहींना काही काळ थोडा आधार मिळतो, रोग पुरता बरा होत नाही. त्यांच्यासाठी रोज रणकंदन माजवू नये.

खोटे बोलावे काय? महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक तपस्व्याची कथा आहे. त्याने सत्यव्रताच्या अभिमानाने चोरांना लपलेल्या माणसांची वाट दाखविली आणि तो नरकास गेला. सत्य प्राणिमात्राच्या हिताने तोलावे, हा तिचा भाव. पण ही कथा आपल्या सोयीसाठी वापरू नये. गुडघा खरोखरच दुखत असेल, तर ‘गुडघा दाखवू’ म्हणून न्यावे व गुडघाही दाखवावा. ही युक्ती झाली, लबाडी नव्हे. डॉक्टरांस न विचारता गोळी कुटून आमटीत घालणे मात्र नको. काही गोळ्या कुटावयाच्या नसतात, आणि एकदा संशय आला की म्हातारा जेवणही टाकतो.

शेवटी एक स्पष्ट बोलतो. मुंबई-पुण्याचा मुलगा फोनवरून निर्णय देतो, आणि लुगडे बदलणारी, शिव्या खाणारी सून असते. जिच्या हाती सेवा, तिचे मत आधी विचारावे, आणि तिला विसावाही द्यावा. एखाद्या वर्षी तिने वारीला जावे आणि मुलाने घरी बसावे. पांडुरंग त्यालाही घरीच भेटेल. सरकारच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला तर घरच्यांनाही मोफत सल्ला मिळतो. म्हाताऱ्यास वारीस नेलेच, तर खिशात नाव, गाव व फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असू द्यावी.

माउलीहो, ज्याला आपण कोण हेच ठाऊक नाही, तो आपली सेवा कशी आठवील? शाबासकी नाही, आशीर्वाद नाही, उलट शिव्या. फलाची आशा सोडून कर्म करावे हे आपण कीर्तनात ऐकतो. ते करून पाहण्याची जागा ही. रामकृष्णहरी.